तीनशे जीएसएमचा दबदबा

स्क्रीनप्रिंट पोस्टर करायचे ठरले की कागदाचा प्रश्न बहुधा एका आकड्यावर मिटवला जातो: तीनशे जीएसएम. त्यावर मॅट लॅमिनेशन, शीर्षकाच्या अक्षरांवर स्पॉट यूव्ही, ऐपत असेल तर थोडे सोनेरी फॉइल, एवढे झाले की काम ‘प्रीमियम’. डिझायनर तसे सांगतो, छापखानदार त्याच हिशेबाने कोटेशन देतो आणि गिऱ्हाईक कोपरा दोन बोटांत धरून मान डोलावते. ही केवळ आवडनिवड असती तर वाद घालायचे कारण नव्हते. आवडीला औषध नसते. पण इथे आवडीच्या नावाखाली एक तांत्रिक दावा केला जातो, आणि तो चुकीचा आहे. जाड कागदाने स्क्रीनची छपाई सोपी होत नाही, बऱ्याचदा अवघड होते. गुळगुळीत कोटेड पृष्ठभागावर पाण्याच्या शाया नीट धरत नाहीत. आणि ज्या गुणासाठी ही वेळखाऊ, हातकष्टाची पद्धत निवडली, तोच गुण वरची फिल्म झाकून टाकते. कागद निवडताना आधी शाई बघावी, मग पोस्टर कुठे लागणार ती जागा बघावी आणि वजनाचा विचार सगळ्यात शेवटी करावा, असे माझे म्हणणे आहे. फिनिश हवेच असेल तर ते त्याच स्क्रीनवरून यावे.

हा दबदबा आला कुठून, हे बघितले की त्याची मर्यादाही कळते. आपल्याकडे गावोगावची स्क्रीन प्रिंटिंगची छोटी दुकाने पोस्टरवर कधीच जगली नाहीत. त्यांचा धंदा लग्नपत्रिकांचा, व्हिजिटिंग कार्डांचा, स्टिकरांचा आणि कापडी पिशव्यांचा. लग्नपत्रिका हातात घेऊन बघायची वस्तू आहे. ती पाकिटातून काढताना तिचे वजन जाणवते, उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरते, फॉइल दिव्याखाली चमकते, आणि यजमानाच्या ऐपतीचा अंदाज पाहुणे त्यावरूनच बांधतात. तिथे जाडी हाच संदेशाचा एक भाग आहे आणि तिला नाव ठेवायचे काही कारण नाही. पोस्टर मात्र भिंतीवर असते आणि सहा-आठ फुटांवरून बघितले जाते. भिंतीला टेकलेला कागद १५० जीएसएमचा आहे की ३५० चा, हे त्या अंतरावरून कोणालाही सांगता येणार नाही. रंग भरीव आहे की फिकट, कडा धारदार आहेत की फुटलेल्या, हे मात्र कोणालाही सांगता येईल. पत्रिकेचा निकष पोस्टरला लावला गेला तो केवळ दोन्ही कामे त्याच दुकानात, त्याच टेबलावर होतात म्हणून.

मुळात जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. तो जाडीचा आकडा नाही आणि ताठपणाचाही नाही. आर्ट पेपरवर खनिजाचा लेप असतो आणि तो रुळांखाली दाबून काढलेला असतो, त्यामुळे तो वजनाने भारी पण अंगाने पातळ भरतो. याउलट फुगीर अनकोटेड कागदात हवा जास्त असते. म्हणून २०० जीएसएमचा चांगला अनकोटेड कागद २५० जीएसएमच्या आर्ट पेपरपेक्षा हाताला जाड लागू शकतो. ताठपणा तर जाडीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे थोड्या फुगीरपणाने बराच ताठपणा मिळतो, तोही वजन न वाढवता. वजनाचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. २० × ३० इंच म्हणजे डबल क्राउन आकाराचे पोस्टर ३०० जीएसएमवर साधारण ११६ ग्रॅम भरते, १७० वर ६६ ग्रॅम. शंभर प्रतींमागे पाच किलोचा फरक. तो कागदाच्या बिलात पडतो, कुरिअरच्या बिलात पडतो, आणि नळीत गुंडाळून पाठवायचे असेल तर जाड कागद नळीतून बाहेर आल्यावर पुन्हा सरळ होता होत नाही. शाईचा थर भरगच्च असेल तर गुंडाळताना त्याला तडेही जातात. एवढे मोजून त्या बदल्यात छपाईत काय सुधारले, याचे उत्तर तीनशेचा आग्रह धरणाऱ्यांकडून मिळत नाही.

छपाई सुधारते ती पृष्ठभागाने. ही गोष्ट आपल्या प्रांतातल्या कागद्यांना यंत्रयुगाच्या कितीतरी आधी ठाऊक होती. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच कागद बनवणाऱ्यांवरून पडले आहे. जुन्या पद्धतीच्या हातकागदाला खळ देत आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटत, कारण त्यावर बोरू चालायचा होता. न घोटलेल्या कागदावर शाई फुटली असती. हत्यार काय आहे ते बघून पृष्ठभाग तयार करायचा, हा तो विचार. स्क्रीनचे हत्यार वेगळे आहे. जाळीतून स्क्वीजीने ढकललेली शाई कागदावर थराने बसते. ऑफसेटमध्ये वाळलेल्या शाईचा थर एक-दोन मायक्रॉनचा असतो, स्क्रीनवर तो त्याच्या कित्येक पट. एवढ्या शाईतले पाणी किंवा द्रावक कुठेतरी जायला हवे. अनकोटेड, पण खळ नीट दिलेला कागद त्यातला काही भाग शोषतो आणि रंगद्रव्य वरच ठेवतो. रंग मखमलीसारखा दिसतो आणि बोटाला लागत नाही. चकचकीत आर्ट कार्डवर पाण्याची शाई तशीच वर तरंगत राहते, उशिरा सुकते, आणि थप्पी लावताना नखाने ओरखडली जाते. सॉल्व्हंटची किंवा यूव्हीने सुकणारी शाई असेल तर कोटेड कागद चालतो, उत्तमही चालतो. म्हणजे प्रश्न ‘कोणता कागद भारी’ असा नसून ‘कोणत्या शाईला कोणता’ असा आहे, आणि शाई ठरवल्याशिवाय कागद ठरवणे म्हणजे पाय न मोजता चप्पल घेणे.

पृष्ठभागाइतकाच दुर्लक्षित विषय कागदाच्या रंगाचा. ऑफसेटच्या शाया पारदर्शक असतात, त्यामुळे ऑफसेटला पांढरा कागद जवळजवळ सक्तीचा. स्क्रीनला ती सक्ती नाही. भरीव पांढरी शाई तपकिरी क्राफ्टवर किंवा काळ्या कागदावर थेट छापता येते, फिकट पिवळी गडद निळ्यावर बसवता येते. रंगीत कागद घेतला की दोन स्क्रीनमध्ये तीन रंगांचे चित्र उभे राहते, तिसरा रंग कागदाचा. अमेरिकेत संगीताच्या कार्यक्रमांची पोस्टरे छापणाऱ्या छोट्या स्टुडिओंनी मिशिगनमधल्या फ्रेंच पेपर कंपनीचे रंगीत कागद उगाच डोक्यावर घेतले नाहीत. आपल्याकडे मात्र ‘सुपर व्हाइट’ हीच शुद्धतेची खूण मानली जाते. ती निळसर शुभ्रता बहुतेक वेळा प्रकाश उजळवणाऱ्या रसायनांची असते, आणि उजेडात राहून ती रसायने थकली की तोच कागद पिवळट पडतो. थोडा दुधी, रसायन न घातलेला कागद पहिल्या दिवशी कमी चमकेल. पाच वर्षांनी दोन्ही शेजारी लावले तर दुधीच बरा दिसेल.

आता जाडीच्या बाजूने जो खरा मुद्दा आहे त्याकडे वळतो, कारण एक मुद्दा नक्की आहे. पाण्याच्या शाईचा मोठा भरीव पट्टा पातळ कागदावर छापला की कागद लाटा घेतो. शंभर-एकशेवीस जीएसएमवर हे हमखास होते, आणि जाड कागद त्याला जास्त तोंड देतो, हे मान्य. पण हे घडते कसे ते समजून घेतले तर जाडी हा त्यावरचा अर्धामुर्धा उपाय आहे हे दिसते. ओलाव्याने कागदातले तंतू फुगतात, आणि ते लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी जास्त फुगतात. मशीनवर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू एका दिशेने निजलेले असतात, त्यालाच ग्रेन म्हणतात. म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. तीस इंचाच्या बाजूला हजारात एक भाग वाढ झाली तरी पाऊण मिलिमीटर होते, आणि चार रंगांच्या पोस्टरमध्ये पाऊण मिलिमीटर म्हणजे चेहऱ्याच्या कडेला पांढरी फट. ही वाढ ३०० जीएसएममध्येही होते. कागद जाड आहे म्हणून तंतू फुगायचे थांबत नाहीत. जूनमध्ये रत्नागिरीला किंवा मुंबईला पहिला रंग छापून, गरम हवेच्या ड्रायरमधून कागद काढून दुसरा रंग लावायला घेतला तर आधी वाढलेला कागद आता आकसलेला सापडतो. यावरचे उपाय सगळ्यांना माहीत असलेले आणि फुकटचे आहेत. कागद एक-दोन दिवस छपाईच्या खोलीत मोकळा ठेवावा. ड्रायर वापरायचा असेल तर पहिल्या रंगाआधी कोरा कागदच एकदा त्यातून काढावा. सगळ्या प्रती एकाच ग्रेनच्या कापून घ्याव्यात, कारण व्यापाऱ्याकडून मोठा ताव कापून घेताना वाया जाणारी पट्टी वाचवायला काही तुकडे आडवे काढले जातात आणि मग अर्ध्या प्रती एका बाजूला वाढतात, अर्ध्या दुसऱ्या. रंग एकमेकांवर अर्धा-एक मिलिमीटर चढवून ठेवावेत. आणि पाण्याच्या शाईला बारीक मेश घ्यावी. ७७ ऐवजी १२० च्या जाळीतून शाई कमी उतरते, म्हणजे पाणीही कमी. हे सगळे केल्यावर १८० ते २५० जीएसएममध्ये काम व्यवस्थित होते. त्याच्या वर चढत गेल्याने लाटांचा प्रश्न आणखी सुटत नाही, उलट ताठ कागद आपला बाक सोडत नाही आणि टेबलच्या व्हॅक्यूमला कोपऱ्यात धरत नाही, हा नवा प्रश्न तयार होतो. कोपरा उचलला की तिथली शाई पसरलीच.

जाडीच्या भक्तांपेक्षा अधिक सुसंस्कृत असा दुसरा पंथ आहे. त्याचे म्हणणे, खरी छपाई फक्त सुती चिंध्यांच्या हातकागदावर. पुण्यात १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. होजिअरीच्या कात्रणांपासून बनणारा हा कागद लाकडाशिवाय तयार होतो, दीर्घायुषी असतो, आणि त्याचा स्पर्श कोणत्याही गिरणीच्या कागदाला येणार नाही. यातले काहीही खोटे नाही. पण स्क्रीनसमोर त्याचे स्वभावदोषही तितकेच खरे आहेत. ज्या फाटक्या नैसर्गिक कडेवर लोक जीव टाकतात ती कड टेबलावरच्या गाइडला प्रत्येक वेळी वेगळ्या जागी टेकते, आणि कागद दर वेळी वेगळ्या जागी बसला तर दुसरा रंग पहिल्यावर येणार कसा? जाडी तावागणिक बदलते, त्यामुळे जाळी आणि कागद यांच्यातले अंतर एकदा लावून भागत नाही. पृष्ठभाग खरबरीत असेल तर बारीक अक्षरांना दाते पडतात. दोन बाजू सरळ कापून घेतल्या, कागद घोटीव घेतला आणि चित्र एक-दोन रंगांचे, ठसठशीत आकारांचे ठेवले, तर हातकागदावरचे स्क्रीनप्रिंट अप्रतिम होते. डायचा खोल उठाव द्यायचा असेल तर त्याला पर्यायच नाही, कारण लांब तंतू दाब सोसतात. पण पाच रंगांचे, बारीक टिंबांचे छायाचित्र त्यावर छापायचा हट्ट धरून मग छापखान्याला दोष देणे हा अन्याय आहे.

फिनिशच्या बाबतीत गोंधळ आणखी मोठा. छापील चित्रावर वार्निश चढवून त्याला दुसरे काहीतरी भासवण्याची आपली परंपरा जुनी आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसची ऑलिओग्राफे याच जातीची. दगडावरून छापलेल्या चित्राला वार्निशने आणि पोताने तैलचित्राचा भास आणणे हेच ऑलिओग्राफचे वैशिष्ट्य. त्यात एक सरळ व्यवहार होता: तैलचित्र न परवडणाऱ्या घराला त्याचे स्वस्तातले रूप मिळत होते. स्क्रीनप्रिंटवर लॅमिनेशन करणारा याच्या बरोबर उलट व्यवहार करतो. स्क्रीनवरच्या रंगाची ओळख त्याच्या थरात आहे. एका रंगावर दुसरा चढला की त्याची कड दिसते, मॅट काळा आणि किंचित तुकतुकीत लाल शेजारी बसले की उजेड दोघांवर वेगळा पडतो. त्यावर वीस-पंचवीस मायक्रॉनची प्लास्टिकची फिल्म ताणली की सगळा पृष्ठभाग एकसारखा होतो आणि पोस्टर डिजिटल प्रिंटसारखे दिसू लागते. महागाचा माल घेऊन त्याला स्वस्ताचे सोंग दिले जाते. शिवाय शाईच्या उंचसखल कडांशी फिल्म पूर्ण चिकटत नाही, तिथे हवेची रुपेरी रेघ राहते. फिल्म एकाच बाजूला असल्याने पावसाळ्यात मागचा कागद ओल घेऊन वाढतो, फिल्म वाढत नाही, आणि पोस्टर पापडासारखे वळते. स्पॉट यूव्हीची गंमत तर अशी की ते अनकोटेड कागदावर मुरते आणि चमकण्याऐवजी नुसता रंग गडद करते. म्हणून ते चमकावे यासाठी खाली मॅट लॅमिनेशन घालायचे. एका चमकत्या शब्दासाठी अख्खे चित्र प्लास्टिकखाली जाते.

यावर कोणी म्हणेल, मग पोस्टरला फिनिश नसावेच का? असावे की. पण स्क्रीन हे स्वतःच फिनिशचे यंत्र आहे हे विसरले जाते. बाजारातले उठावदार स्पॉट यूव्ही बऱ्याचदा स्क्रीननेच लावले जाते. पारदर्शक वार्निश शेवटचा रंग म्हणून छापता येतो, हव्या त्या आकारात, आणि खाली त्याच आकाराचा शाईचा थर आधी बसलेला असेल तर तो मुरतही नाही. सोनेरी किंवा चंदेरी शाई अनकोटेडवर निस्तेज दिसते ही तक्रारही याच मार्गाने सुटते: खाली एक भरीव रंग द्यावा आणि धातूचे कण जाळीत अडकू नयेत म्हणून मेश थोडी मोकळी घ्यावी. गोंद छापून त्यावर फॉइल किंवा चमकी धरता येते. अँडी वॉरहॉलने १९८० च्या सुमारास बुटांच्या चित्रांवर जी चकाकणारी पूड बसवली, तिच्यात चकाकी हाच चित्राचा विषय होता. ती काढून टाकली तर चित्र उणे होईल, ही माझ्या मते फिनिशची कसोटी. पोस्टरवरचे फॉइल काढून बघा. चित्रात काही कमी झाले नाही तर ते पैसे पुढच्या कामातल्या चांगल्या शाईवर खर्च करा.

टिकाऊपणाचा आक्षेप सर्वांत जोरात घेतला जातो, म्हणून त्याला नीट उत्तर हवे. लॅमिनेशन पाण्याच्या शिंतोड्यापासून आणि बोटांच्या तेलकट डागांपासून वाचवते. उजेडापासून वाचवत नाही. साधी बीओपीपी फिल्म अतिनील किरण फारसे अडवत नाही, आणि पोस्टरचा खरा शत्रू उजेडच असतो. चांगले रंगद्रव्य आणि आम्लरहित कागद हे टिकण्याचे खरे आधार. दीर्घायुषी कागदासाठीच्या आयएसओ ९७०६ या मानकात पीएच ७.५ ते १० आणि सुमारे दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कली साठा मागितला आहे, किमान जीएसएम नाही. आणि फ्लोरोसंट गुलाबी शाई सुती कागदावर छापून ‘शंभर वर्षे टिकेल’ असे सांगणारा विक्रेता ग्राहकाला फसवतो आहे, कारण कागद टिकेल, गुलाबी उडून जाईल. इतिहासाचा दाखलाही जाडीच्या बाजूने नाही. अमेरिकेत १९३६ ते १९४३ या काळात सरकारी कलाप्रकल्पाने सुमारे ३५,००० रचनांच्या वीस लाख प्रती काढल्या. अँथनी वेलोनिस याने त्या कामात स्क्रीन आणले. आज त्यातली दोन हजारांच्या आसपास पोस्टरे ज्ञात आहेत, नऊशेहून अधिक लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. बाकीची गेली ती लावून, फाडून, टाकून दिल्याने. पोस्टरचे मरण बहुधा असेच येते. पॅरिसमध्ये मे १९६८ च्या संपात एकोल दे बोझारच्या विद्यार्थ्यांनी लिथोवर सुरुवात केली, वेग पुरेना म्हणून ते स्क्रीनकडे वळले, आणि वृत्तपत्रांच्या छपाईतून उरलेल्या रिळांवरही त्यांनी छापले. तो कागद पिवळा पडणारच होता, आणि त्याला आज संग्रहालयात जपून ठेवावे लागते. न्यूजप्रिंट चांगला असे माझे म्हणणे नाही. पण त्या पोस्टरांची छाप कागदाच्या वजनावर अवलंबून नव्हती एवढे तर मान्य व्हावे. क्युबाच्या चित्रपट संस्थेची पोस्टरे, ५१ × ७६ सेंटिमीटरची, म्हणजे आपल्याच डबल क्राउनची, टंचाईच्या काळात मिळेल त्या साध्या कागदावर स्क्रीनने छापली गेली. मुन्योस बाक्स किंवा रेने अस्कुय या तिथल्या पोस्टरकारांची कामे बघणाऱ्याला त्या टंचाईची कीव येत नाही. सपाट, भरीव रंगांची ती शैली घडवण्यात कागदाच्या साधेपणाचाही वाटा होता.

रस्त्यावर लावायच्या पोस्टरसाठी तरी जाड, लॅमिनेटेड कागद हवा, असे म्हणणाऱ्यांनी भिंतीवर पोस्टर चिकटवणाऱ्याला विचारावे. खळ लावून चिकटवायचा कागद पातळ आणि शोषणारा हवा, ८०-१०० जीएसएमचा मॅपलिथो. तो भिजतो, भिंतीच्या खाचाखोचांत बसतो आणि वाळला की भिंतीचाच होऊन जातो. लॅमिनेटेड कार्ड मागून भिजते, पुढून भिजत नाही, आणि तासाभरात कोपरे सोडते. पावसात उघड्यावर महिनाभर टिकायला हवे असेल तर ते कागदाचे कामच नाही, त्यासाठी व्हिनाइल घ्यावे, आणि स्क्रीन त्यावरही छापते.

राहिला गिऱ्हाइकाचा प्रश्न. ‘हे सगळे खरे, पण मागणी तीनशे जीएसएमचीच येते’, असे छापखानदार म्हणतो, आणि त्याचे पोट त्यावर आहे हे नाकारून चालणार नाही. पण मागणी ज्या निकषावर येते तो निकष त्यानेच दाखवलेला असतो. नमुने टेबलावर पसरून हातात दिले की गिऱ्हाईक हाताने निवडणार. तीच रचना १९० जीएसएमच्या दुधी अनकोटेडवर आणि ३०० जीएसएमच्या लॅमिनेटेड आर्ट कार्डवर छापून दोन्ही भिंतीला लावावीत, सहा फुटांवर उभे करून विचारावे, दर मग सांगावेत. त्यानंतरही कोणाला फिल्मच हवी असेल तर त्याला डिजिटल छापून घ्यायला सांगावे. थोड्या प्रती आणि जास्त रंग असतील तर ते स्वस्तात होईल, आणि फिल्मखाली फरक कोणाला दिसणारही नाही.